मापाची चाकं

बाबा गेल्यानंतर दीडेक वर्षानं, एका रविवारी रोहणा गावातल्या आमच्या घरी आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. वरण वाढता वाढता आई म्हणाली, "मले गाडी चालवाची हाय."

मला वाटलं, तिला कुठंतरी जायचं असेल. "कुठं जायचंय सांग, मी नेते," मी म्हटलं.

"जाचं नाई कुठी. चालवाची हाय."

"माझी?"

"तुही काऊन? माही."

तिची गाडी घरामागच्या कोठ्यात होती. बैल विकल्यापासून कोठा रिकामाच होता, त्यात ती अठरा वर्षं उभी होती. वर ताडपत्री, ताडपत्रीवर कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती आणि पोत्यांवर कोंबड्या. गोल छताची, जाड पत्र्याची, फिकट पिस्ता रंगाची ती गाडी वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी आहे आणि मी आता अठ्ठेचाळीसची आहे. आई एकाहत्तरची. मी त्या दिवशी हसले. आई हसली नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवत राहिली.

ती गाडी आईची कशी झाली, हे आधी सांगायला हवं. मी जन्मले त्या वर्षी बाबांनी ती आर्वीच्या एका कापूस-जिनिंगवाल्याकडून जुनीच घेतली होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती आमच्या दारातल्या कडुनिंबावर नेऊन आदळली. कुणाला लागलं नाही, पण बाबांच्या मनात जी धास्ती बसली ती कायमची. त्यानंतर त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. गाडी विकायची बोलणी सुरू झाली, तेव्हा तेवीस वर्षांची माझी आई म्हणाली, मी शिकते. जिनिंगच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं तिला उन्हाळ्यात, वावरं रिकामी असताना, कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या जमिनीवर शिकवलं. नऊवारी नेसलेली बाई गाडी चालवते हे बघायला पहिले काही दिवस लोक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन बसायचे म्हणे. मग सवय झाली. पुढं तर कुणाला आर्वीच्या दवाखान्यात न्यायचं असलं की माणसं बाबांना नाही, सरळ आईला हाक मारायची.

मी शाळेत असताना या गाडीनं आम्ही कुठं कुठं गेलो ते सगळं आठवत नाही. आईचे हात तेवढे आठवतात. वळण आलं की ती दोन्ही हातांनी चाक धरून जरा पुढं सरकायची आणि ओठ घट्ट मिटायची. वळण संपलं की पुन्हा मागं टेकायची.

मग गिअरबॉक्समधला एक भाग तुटला. तो मिळेना. बाबांनी मोटारसायकल घेतली. आई म्हणायची, भाग मिळाला की करू. त्याच सुमारास माझं बाळंतपण आलं. आई माझ्याकडं वर्ध्याजवळ सिंदी मेघेला येऊन दोन महिने राहिली. ती परत गेली आणि त्यानंतर गाडीचा विषय तिनं कधी काढला नाही. मीही विचारलं नाही. माझ्या मांडीवर तान्ही मुलगी होती आणि सावंगीतल्या कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी नवीन होती.

तर त्या रविवारनंतर पंधरा दिवसांनी मी पुलगावहून एक जुना मिस्त्री घेऊन रोहण्याला गेले. खरं सांगायचं तर तो "काही होणार नाही" असं म्हणेल, मग आईची समजूत घालता येईल, असा माझा बेत होता. मिस्त्रीनं ताडपत्री काढली, बॉनेट उघडलं, बराच वेळ आत डोकं घालून राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "ताई, हे तं होऊन जाईन."

दीड महिना लागला. गिअरबॉक्सचा भाग त्यानं नागपूरच्या भंगार बाजारातून शोधून काढला. कार्बोरेटर उघडला, तेलं बदलली, उंदरांनी खाल्लेल्या वायरी नव्या टाकल्या. एका दुपारी इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा सुरू झालं. कोठा निळ्या धुरानं भरला. कोंबड्या उडून भिंतीवर गेल्या. आई दारात उभी होती. तिनं पदर नाकाला लावला होता, पण डोळे धुरानं भरले होते की कशानं ते मला कळलं नाही.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "इंजन झालं, ताई. आता चाकं पाहा. त्याच्यात माहं डोकं चालत नाई."

गाडीची पुढची बाजू विटांच्या थप्प्यांवर होती. पुढची दोन्ही चाकं नव्हतीच. मागची दोन होती, पण त्यांचे टायर उकलून जमिनीला चिकटले होते. डावीकडची रिंग गोमूत्र मुरलेल्या ओल्या मातीत इतकी वर्षं राहून पापडासारखी झाली होती. मिस्त्रीनं पान्ह्यानं टोचलं तर पान्हा आरपार गेला. उजवी बरी होती. डिकीत एक जादा चाक होतं, तेही बरं. म्हणजे हाती दोन रिंगा, आणि पाहिजे चार.

मी आईला विचारलं, "पुढची चाकं कुठं गेली गं?"

"गेले."

"कुठं?"

"गेले म्हनलं ना."

तिचा आवाज असा होता की मी पुढं काही विचारलं नाही. म्हटलं, चाकंच तर आहेत. चाकं काय, विकत मिळतात.

इथं मी जी चूक केली ती सांगायला आजही ओशाळल्यासारखं होतं. मी गाडीच्या चाकाला टेप लावली. रिंग पंधरा इंची निघाली. बोल्ट मोजले, चार. मग मोबाईलवर शोधलं. नागपुरातल्या एका दुकानात चार अलॉयच्या रिंगा होत्या, वापरलेल्या पण चकचकीत, टायरसकट. पंधरा इंच, चार बोल्ट. मी त्या मागवल्या. आईला सांगितलंही नाही, तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

धक्का मलाच बसला. मिस्त्रीनं पहिली रिंग उचलून लावायला घेतली तर एक बोल्ट बसला की समोरचा बसेना. फिरवून पाहिली, उलटी करून पाहिली. भोकं बोल्टांच्या आत पडत होती. थोडीशीच, बोटाच्या रुंदीएवढी. पण लोखंडात बोटाची रुंदी म्हणजे फार झाली.

आईनं त्या चांदीसारख्या चमकणाऱ्या रिंगेकडं पाहिलं. "हे कोनाचे चाकं होय?"

"तुझ्याच गाडीसाठी आणली."

"अवं बाई," ती म्हणाली, "हे तं लग्नातल्या घोड्याच्या पायात घालाचे दिसते."

दुसऱ्या दिवशी मी गाडीची एक जुनी रिंग आणि एक नवी रिंग माझ्या गाडीत टाकली आणि वर्ध्याला आर्वी नाक्याकडच्या एका टायरच्या दुकानात गेले. आईही बरोबर आली. दुकानाचे मालक साठीचे होते. आजोबांपासून त्यांच्या घरात हाच धंदा. दुकानात नव्या टायरचा तो उग्र वास होता आणि भिंतीला टांगलेल्या टायरच्या माळांखाली ते स्टुलावर बसले होते. मी सगळी हकीकत सांगितली. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

त्यांनी दोन्ही रिंगा जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या. टेप काढली आणि मला म्हणाले, "मॅडम, धरा हे टोक." एका भोकाच्या मध्यापासून समोरच्या भोकाच्या मध्यापर्यंत आम्ही माप घेतलं. जुन्या रिंगेचं माप साडेचार इंच आलं. नव्या रिंगेचं चार इंचालाही किंचित कमी.

"पंधरा इंच हे बाहेरचं माप," ते म्हणाले. "गाडी पकडून ठेवते ते हे आतलं माप. लोक बाहेरचं पाहतात अन् घेऊन येतात."

"काही करून बसवता येणार नाही का?"

"येते ना. मधात एक लोखंडाची चकती टाकतात. एका बाजूनं गाडीचे बोल्ट, दुसऱ्या बाजूनं रिंगेचे. पन चकतीच्या जाडीएवढं चाक बाहेर येते. वळवलं का मडगार्डले घासन. बेअरिंगवर जोर येईन. मी नाई लावून देणार. दुसऱ्याकडून लावाचं असन तं तुमची मर्जी."

आई त्या जुन्या रिंगेजवळ उभी होती. ती म्हणाली, "माह्या गाडीचे पाय फाकवाचे नाई मले."

मालकांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "गाडी तुम्ही चालवता, माय?"

"चालवत होती."

त्यांनी उठून तिला स्वतःचं स्टूल दिलं. मग जुनी रिंग हातात घेऊन तिच्या मधल्या भागावरून अंगठा फिरवला. मधली थाळी आणि बाहेरचं कडं रिबिटांनी जोडलेलं होतं. "अशा रिंगा आता निंघत नाई," ते म्हणाले. "भंगारात भेटली तं भेटली. बाकीच्या दोन कुठी गेल्या?"

मी आईकडं पाहिलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आमच्या शेजाऱ्याच्या बैलबंडीले हाय," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर देवळी गाव मागं पडल्यावर ती बोलायला लागली. माझ्याकडं न पाहता, समोरच्या रस्त्याकडं पाहत. माझ्या बाळंतपणाहून ती रोहण्याला परत गेली त्या संध्याकाळी कोठ्यात शिरली तर गाडीखाली विटा. बाबांनी पुढची दोन चाकं काढून शेजाऱ्याला दिली होती. शेजाऱ्याला लाकडी चाकांच्या बंडीऐवजी रबरी टायरची बंडी करायची होती. "गाडी तं पडलीच हाय," बाबा म्हणाले होते, "चाकं कामाले तरी येतीन."

"मले इचारलं असतं तं मीच देल्ले असते का नाई, मले नाई मालूम," आई म्हणाली. "पन इचाराले पायजे होतं."

"तू बाबांना काही बोलली नाहीस?"

"काय बोलाचं? मोटारसायकलवर मांगं बसून गेली बाजारात. दुसरं काय."

बाबांना ती बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती शेजाऱ्याशी बोलायची थांबली. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आहे. त्या माणसाच्या बायकोला पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आईनंच याच गाडीतून आर्वीला नेलं होतं, भर पावसाळ्यात. सणावाराला दोन्ही घरांतून ताटं इकडून तिकडं जायची. आणि अठरा वर्षं आईनं त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बाबा गेले तेव्हा तो चौदा दिवस आमच्या ओसरीवर येऊन बसायचा, तेव्हाही ती त्याच्याशी बोलली नाही. मला वाटलं होतं, दुःखात आहे.

"आई, मी जाऊन मागू का त्यांना?"

"नाई," ती म्हणाली. "माही गाडी हाय. मीच जाईन."

ती लगेच गेली नाही. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मी पोचले तर ती इस्त्रीचं लुगडं नेसून तयार होती. आम्ही दोघी शेजारच्या अंगणात गेलो. शेजारी काकाजी सत्तरीचे, उंच, थोडे वाकलेले. ते बंडीच्या जुवाला दोर बांधत होते. त्यांनी आईला पाहिलं आणि दोर हातातून सोडला.

"या वयनी," ते म्हणाले. मग घरात तोंड करून, "अवं, चहा मांड. वयनी आल्या."

आईनं बसायच्या आधीच सांगितलं. "भाऊजी, माह्या गाडीचे चाकं मले वापस पायजे."

काकाजी तिच्याकडं पाहत राहिले. मग बंडीकडं. मग पुन्हा तिच्याकडं. "हे?"

"हेच. त्याच्याचसाठी बोलली नाई मी इतके वर्स."

"चाकासाठी?" काकाजी खाटेवर बसले. "वयनी, मले वाटलं, माह्या बैलानं तुमची हळद तुडवली होती त्या वर्सी, त्याचा राग हाय तुम्हाले. मी दोनदा माफी मांगाले आलो होतो. तुम्ही घरात निंघून गेल्या."

"हळदीचं काय एवढं?"

"मंग मले कसं मालूम? तुमच्या घरच्यानंच तं मले सांगतलं, वयनीनंच म्हटलं, देऊन टाका म्हनून."

आत चहाच्या भांड्यात चमचा फिरल्याचा आवाज येत होता.

"असं म्हटलं त्यायनं?" आईनं विचारलं.

"शप्पथ घेऊन सांगतो. मीच म्हटलं होतं, वयनीची गाडी हाय, पयले त्यायले इचार. तं म्हने, इचारलं. ते हो म्हनली." काकाजींनी भिंतीपलीकडं हात केला. "माही बायको त्या गाडीतून दवाखान्यात पोचली, म्हनून पोरगी वाचली. अन् मी तुम्हाले न इचारता त्याचे चाकं खोलून नेतो का?"

आईनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं ती रडते आहे. पण ती हसत होती. आधी आवाज न करता, मग आवाज करून. "काय मानूस होता," ती म्हणाली. "भांडन नको म्हनून दोन घरी दोन गोष्टी सांगून गेला अन् आपन अठरा वर्स भिंत पाहत बसलो." मग ती खरंच रडली. काकाजींची बायको चहा घेऊन आली, ती कप तसेच खाली ठेवून आईजवळ बसली. मी आणि काकाजी बंडीकडं बघत राहिलो, कारण दुसरं कुठं बघावं ते कळत नव्हतं.

चहा झाल्यावर काकाजी उठले आणि पान्हा आणायला निघाले. आई म्हणाली, "आज नको. तुमची बंडी कायच्यावर चालन? कापूस निंघून राह्यला."

तेव्हा माझ्या डोक्यात ती चकचकीत चाकं आली. मी म्हटलं, "काकाजी, माझ्याकडं चार चाकं पडली आहेत. गाडीला बसत नाहीत. बंडीला बसतील का?"

"बंडीले काय, कोन्तंही चाक बसते," काकाजी म्हणाले. "आसाले नवीन थाळी लावून भोकं पाडून घेतलं का झालं. बंडी थोडीच साठच्या स्पीडनं पळते." आर्वीच्या लेथवाल्यानं एका दिवसात ते काम करून दिलं. आज रोहण्यात गेलात तर कापसाची एक बंडी तुम्हाला दिसेल, जिची चाकं उन्हात आरशासारखी चमकतात. पोरं तिचे फोटो काढतात. काकाजी पहिले काही दिवस लाजायचे, आता बैलांच्या शिंगांनाही त्यांनी चंदेरी रंग लावला आहे. उरलेली दोन चाकं अजून माझ्या जिन्याखाली आहेत. नवरा अधूनमधून त्यांच्याकडं पाहतो आणि काही बोलत नाही.

आता चार रिंगा झाल्या. पण त्या चालतील की नाही हे कुणाला ठाऊक? दोन रिंगांवर अठरा हंगाम कापसाचं ओझं होतं. मी चारही वर्ध्याला नेल्या, आई सोबत होतीच. टायरवाल्या मालकांनी प्रत्येक रिंग घासून तिच्यावरचा गंज आणि रंग उतरवला. मग एकेक यंत्रावर चढवून फिरवली आणि काठाजवळ खडू धरला. रिंग सरळ असेल तर खडूची रेघ सगळीकडं सारखी उमटते. वाकडी असेल तर तुटक. तीन रिंगांवर रेघ नीट आली. चौथीवर, बंडीच्याच एका रिंगेवर, एका ठिकाणी तुटली.

"काठ दबला हाय. दगडावर आदळली असन," ते म्हणाले. "हे सरळ होईन. पन आत चीर गेली असन तं मी लावणार नाई."

त्यांनी दबलेल्या जागी डिझेलचा बोळा फिरवला, पुसून कोरडं केलं आणि वर खडूची पूड लावली. "चीर असन तं डिझेल आतून वापस येते. पांढऱ्यात काळी रेघ दिसते. पंधरा मिनिटं थांबा."

ती पंधरा मिनिटं मी कधी विसरणार नाही. रस्त्यावरून बस जात होत्या, समोरच्या टपरीवर तर्रीपोहे खाणाऱ्यांची गर्दी होती, आणि आम्ही तिघं एका लोखंडाच्या पांढऱ्या डागाकडं टक लावून बसलो होतो. आई चष्मा पुसायची आणि पुन्हा बघायची. डाग पांढराच राहिला. मालकांनी पूड फुंकून उडवली, रिंगेवर बोटानं टिचकी मारली. तिचा स्वच्छ आवाज आला.

"बंडीनं चांगली सांभाळली," ते म्हणाले. "गाडीनं इतके वर्स रस्त्यावर चालवली असती तं एवढी चांगली राह्यली नसती."

मला वाटतं त्या वाक्यानं आईच्या मनातलं उरलंसुरलं काहीतरी खाली बसलं.

टायर निवडायला मात्र वेळ लागला, आणि तिथं आई अडून बसली. जुन्या टायरवर जे आकडे होते, इंचातले, तेच आकडे असलेले दोन टायर मालकांच्या माळ्यावर निघाले. कधीचे तरी पडून होते. कागदाची पट्टीही तशीच. आईनं ते पाहिले आणि म्हणाली, "हेच. हाच नंबर होता."

मालकांनी टायर उजेडात धरून काठावरचे चार बारीक आकडे तिला दाखवले. कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी टायर तयार झालं, ते त्यावर असतं. ते वर्ष आई गाडी चालवत होती त्या काळातलं होतं. "रबर न वापरताही म्हातारं होते, माय. दिसते नवीन. पन आतून सुकलेलं असते. याच्यावर तुम्ही पुलगावपर्यंत जासान अन् भर रस्त्यात फुटन. मी विकलं तं मले झोप येणार नाई."

"मंग नंबर कोठून आनाचा?"

"नंबर वेगळा हाय, माप तेच." त्यांनी कागदावर आकडे मांडले. नव्या पद्धतीत टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये असते. त्या पद्धतीत त्यांनी जुन्या इंचांचा हिशेब लावून दाखवला. एकशे पासष्टचं टायर, उंच काठाचं, पंधराच्या रिंगेचं. उभं केलं की जवळजवळ जुन्याइतकंच उंच, फक्त बोटभर कमी. मला आणखी रुंद टायर आवडत होतं, गाडी रस्त्याला घट्ट धरेल म्हणून. त्यावर ते म्हणाले, "तुमची रिंग अरुंद हाय. तिच्यावर रुंद टायर चढवलं तं ते फुगते अन् कडेनं झिजते. स्टेअरिंग जड होईन ते वेगळं. हे गाडी अरुंद टायरसाठीच बनली हाय." आणि आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली: चारही एकाच प्रकारचे टायर पाहिजेत. दोन जुन्या घडणीचे आणि दोन नव्या, असं केलं तर वळणावर पुढचं एक सांगतं आणि मागचं दुसरंच ऐकतं. शिवाय आत ट्यूब हवीच, कारण रिबिटांच्या रिंगेत हवा टिकत नाही.

आईनं कागदावरचे आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. शेवटी तिनं विचारलं, "तुमची गाडी असती तं तुम्ही कोन्ते टाकले असते?"

"हेच."

"मंग हेच टाका."

रिंगांना पिस्ता रंग द्यावा की काळा यावर मात्र तिनं कुणाचंही ऐकलं नाही. पिस्ताच दिला.

चाकं बसवायच्या दिवशी मिस्त्री पुलगावहून आला आणि काकाजी भिंतीपलीकडून. काकाजींनी जॅक लावून गाडी उचलली आणि विटा काढल्या. बोल्ट एकेक करून बसले, आधी हातानं, मग पान्ह्यानं, समोरासमोरचे. जॅक खाली आला. गाडी जरा दबली, हलली आणि सरळ उभी राहिली. काकाजींनी मागं सरून तिच्याकडं पाहिलं. "वयनी, आता हे तुमच्यासारखी दिसून राह्यली," ते म्हणाले आणि आईनं त्यांना, "चूप बसा, भाऊजी," म्हटलं. अठरा वर्षांत तिनं त्यांना दटावलेलं ते पहिलं वाक्य असावं.

लायसन्सचं नूतनीकरण, डॉक्टरचा दाखला, गाडीची कागदं, तपासणी, यात हिवाळा गेला. डोळ्यांच्या डॉक्टरनं आईला विचारलं, "या वयात कशाला?" तर तिनं सांगितलं, "या वयातच तं टाइम भेटला." तपासणीला आलेल्या साहेबानं चारही टायर वाकून पाहिले, काठावरचे आकडे वाचले आणि मान हलवून सही केली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आईनं पहिल्यांदा गाडी रोहण्याबाहेर काढली. मी तिच्या शेजारी, काकाजी आणि त्यांची बायको मागं. विरूळच्या अलीकडं रस्ता नवा झाला आहे, तिथं तिनं वेग चाळीसवर नेला. काच खाली होती. दोन्ही बाजूंना तूर काढलेली वावरं आणि हरभऱ्याचा हिरवा पट्टा. मी घाबरून दाराची कडी धरून बसले होते. वळण आलं तेव्हा आई पुढं सरकली, ओठ मिटले, गाडी चाकांवर जराही न डगमगता वळली, आणि आई मागं टेकली. मागून काकाजींची बायको म्हणाली, "मागच्या वेळी याच रस्त्यानं गेलतो तवा मले काईच दिसलं नव्हतं."

"तवा तू ओरडून राह्यली होती," आई म्हणाली, आणि मागं दोघंही हसायला लागली.

आता आई महिन्यातून दोन-तीनदा गाडी काढते. आर्वीच्या बाजाराला जाते, कधी गावातल्या कुणाला दवाखान्यात सोडते. चाकांतली हवा ती स्वतः पाहते. मालकांनी तिला एक मापक भेट दिलं आहे आणि कोणत्या चाकात किती हवा ते कार्डावर लिहून दिलं आहे. जादा चाकासाठी पाचवी रिंग अजून मिळालेली नाही. मालक म्हणतात, डोळे उघडे ठेवून आहे, भेटन.

गेल्या महिन्यापासून ती मला ही गाडी शिकवते. माझी गाडी मी वीस वर्षं चालवते आहे, पण हिचा गिअर स्टेअरिंगजवळ आहे, क्लच जड आहे आणि ब्रेकवर जवळजवळ उभं राहावं लागतं. रविवारी सकाळी आम्ही रिकाम्या वावरात जातो. माझ्याकडून गाडी तीनदा बंद पडते, चौथ्यांदा उडी मारून पुढं जाते. आई शेजारी बसलेली असते, हात मांडीवर, अगदी शांत.

"पायाची घाई काऊन करतं?" ती म्हणते. "हळू सोड. अजून हळू. हां. आता चाल."